स्वयंपाकघरातली लादी

आमच्या शेतावर येणारा प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, समुद्र किती लांब आहे. चौक गावच्या धाब्यांचा आणि गॅरेजांचा रस्ता सोडून, आत वळून, खाचरांमधली धूळ खात आलेली ही माणसं. कोकणात आलो म्हणजे बांधापलीकडे लाटा असणारच, असं त्यांना वाटतं. माझा नवरा सांगतो, "सकाळी गाडी काढलीत तर जेवायला अलिबागला." मग ती समाधानानं तंबूत शिरतात. आजवर एकही जण अलिबागला गेलेला नाही. समुद्र हाताशी आहे एवढं कळलं की त्यांचं भागतं.

त्यानंतर ती स्वयंपाकघरात येतात. तिथे सारवलेली जमीन आहे, कोपऱ्यात चूल आहे आणि चुलीजवळ पाटावर माझी सासू बसलेली आहे. पाहुणे तिघींचेही फोटो काढतात. जमिनीचा, चुलीचा आणि सासूचा.

ती जमीन मी सारवते. मला सारवणं आवडत नाही, कधीच आवडलं नाही, आणि हे लपवायचं मला काही कारण वाटत नाही. माझा जन्म भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टरमधला. वडील तिथे कामाला होते. डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड पाइप, दिवसरात्र घुमणारा आवाज, नळाला पाणी आणि घरभर गुळगुळीत लादी. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही बहिणी त्या लादीवर पालथ्या पडायचो, एक गाल तापला की दुसरा टेकवायचो. लादी ही काही मोठी चैन आहे हे मला लग्नापर्यंत माहीतच नव्हतं. स्थळ आलं तेव्हा वडिलांनी मुलाला जमीन किती आहे ते विचारलं. घरात जमीन कशाची आहे ते विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

अंगाची हळद उतरायच्या आत सासूनं शेणाची पाटी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, मला येत नाही.

"येत नाय? मंग क्वाटरात काय पुसायचीस गं, तोंड?"

त्या दिवसापासून मी क्वाटरवाली झाले. गावात माझं नाव किती जणांना माहीत आहे, मला शंका आहे. मी सारवायला शिकले. नखांत शेण राहायचं, जेवताना त्याचा वास यायचा, आणि सासू पाठीमागे उभी राहून माझ्या हाताचे फराटे बघायची. कधी म्हणून बरं म्हटलं नाही. "गाय पन यापरीस बरं सारवते," हे तिचं ठरलेलं वाक्य. शेजारणी हसायच्या. मीही हसायचे, दुसरं काय करणार. पण मनात म्हणायचे, थांब, एक दिवस या घरातून शेण बाहेर काढते की नाही बघ.

मी शिवणाचं मशीन घेतलं. गावातल्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, लग्नसराईत तर पाठ धरेपर्यंत शिवण. त्यातून लादी आली. चौकहून टेंपो भरून आली, पांढरी, बारीक राखाडी ठिपक्यांची. क्वार्टरमध्ये होती तशीच मी शोधून आणली होती. नवरा तेव्हा खोपोलीकडे कारखान्यात होता, त्यानं ना हो म्हटलं ना नाही. गवंडी स्वयंपाकघरात शिरला आणि सासू अंगणात बसून मोठ्यांदा सुरू झाली.

"मढ्याला आंगूळ घालायची जागा केली माज्या घराची."

ती कित्येक महिने स्वयंपाकघरात जेवली नाही, ताट घेऊन ओटीवर बसायची. येईल त्याला सांगायची, मातीत जीव असतो, माती पाय धरून ठेवते, लादी मेलेली असते. मी ऐकायचे आणि फडकं पिळून लादी पुसायचे. इतकं सुख मला या घरात आधी कधी मिळालं नव्हतं.

मग एका वर्षी खळ्यावर वाल झोडताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं. हाड सांधलं, पण पाय वजन घेईना. दवाखान्यातून वॉकर मिळाला होता. गावासमोर ते लोखंडी घोडं धरून चालायचं नाही म्हणून तिनं तो परसात ठेवून दिला आणि त्यावर लुगडी वाळत घातली. रोज सकाळी मी तिला काखेत धरून आणायचे आणि चुलीजवळ पाटावर बसवायचे. आता जेवण कुठे घ्यायचं हा प्रश्न उरला नव्हता. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस आले होते, आणि मी ते उपभोगत होते.

एकदा मी मागच्या विहिरीवरून आले आणि दारात थांबले. सासू चुलीजवळ नव्हती. ती पार दुसऱ्या टोकाला, लोणच्याच्या बरणीपाशी होती. पाटाखाली तिनं जुन्या चादरीची घडी घातली होती, दोन्ही तळहात लादीला टेकले होते, आणि चांगल्या पायाच्या टाचेनं रेटा देत ती सुर्रकन सरकत होती. बरणीपासून डब्यांच्या फळीपर्यंत. फळीपासून मागच्या उंबऱ्यापर्यंत. तिथून तिनं कोंबड्यांना एक सणसणीत शिवी घातली आणि पाट वळवला. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला माझी धाकटी बहीण आठवली, पहिल्यांदा एकटी बाजारात जाऊन परत आली होती तेव्हाची. मग तिनं मला पाहिलं.

"बगतेस काय? बरनीला बुरशी आलीवती."

एवढंच. ती त्यावर पुन्हा बोलली नाही आणि मीही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला बसवण्याआधी चादरीची घडी पाटाखाली घालून ठेवू लागले. लादी पुसली की कोरडी करायचे, कारण ओल्यावर चादर अडते. ती दिवसभर घरभर फिरायची, डब्यांत हात घालायची, माझ्या डाळीत मीठ टाकायची, उंबऱ्यात बसून अख्ख्या आळीशी भांडायची. फक्त मुलाच्या चपला वाजल्या की ती पाट रेटत चुलीजवळ परत यायची आणि जन्मापासून तिथेच बसल्यासारखी बसायची. मुलानं आपल्याला असं सरपटताना बघू नये, एवढंच तिचं होतं. माझ्या नवऱ्याला वाटायचं, आई चुलीपासून हलत नाही. पुरुषांना स्वयंपाकघरातलं ताटात पडेल तेवढंच कळतं.

आणि लोकांसमोर तिचं लादीला नावं ठेवणं चालूच. बूड लादीवर, आणि तोंडानं माती जिवंत, लादी मेलेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. मला तिच्याकडून एकच वाक्य हवं होतं. लादी बरी केलीस गं, एवढं. कुणासमोर नको, एकटीला म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्याची खरंच वाट बघत होते.

नंतर नवऱ्याचा कारखाना बंद झाला. आजूबाजूला जमिनी विकून लोक मोकळे होत होते, कर्जतकडून सुरू झालेले बंगले लोधिवलीच्या अलीकडे येऊन पोचले होते. नवऱ्याला जमीन विकायची नव्हती. त्याबद्दल मी त्याला मानते. त्याच्या ओळखीतून मुंबईच्या एक बाई आल्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी सगळं बसवून दिलं. भात निघालं की मोकळ्या खाचरात कापडी तंबू. जेवायला पत्रावळी. अंघोळीला बंबातलं पाणी. संडासात पाणी नाही, भुसा आणि राख टाकायची, पुढे त्याचं खत. प्लास्टिक शेतात आणायचं नाही. पाहुण्यांनी वालाच्या शेंगा तोडायच्या, गाईला चारा घालायचा, पेंढ्याचे भारे उचलायचे, आणि घरचे जे खातात तेच खायचं.

कल्पना वाईट नव्हती. मॅडमही वाईट नव्हत्या, फार गोड बोलायच्या. पण पर्यावरण राखायचं म्हणजे माझ्या घरातून एकेक वस्तू बाहेर काढायची, हे मला हळूहळू कळत गेलं. प्लास्टिकच्या बादल्या गेल्या, तांब्याचे हंडे आले. हंडा माझ्या कमरेवर आणि पर्यावरण मॅडमचं. खुर्च्या गेल्या. मिक्सर पोटमाळ्यावर गेला आणि पाटा-वरवंटा खाली आला. गॅस मागच्या खोलीत लपवला. जी जी वस्तू मी या घरात भांडून आणली होती, ती ती खऱ्या गावाला शोभत नव्हती.

उरली होती लादी.

सासूचं मात्र नशीब उघडलं. मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसायच्या, मोबाइल पुढे धरायच्या आणि विचारायच्या, "आजी, पूर्वी कसं असायचं?" आणि सासू आपलं जुनं कीर्तन लावायची. "मातीत जीव असतो बाय. माती पाय धरून ठेवते. लादी मेलेली." मॅडमचे डोळे भरून यायचे. जन्मभर जे बडबडणं म्हणून सगळ्यांनी कानाआड केलं, ते आता कोणी जपून ठेवत होतं. सासू नव्या नवरीसारखी लाजायची. मी दाराआडून बघायचे. पाटाखाली चादरीची घडी तशीच होती.

दिवाळीनंतर तंबू लागायच्या आधी मॅडम जेवता जेवता म्हणाल्या, "सगळं इतकं सुंदर झालंय, फक्त हे स्वयंपाकघर. लोक चूल बघायला आत येतात आणि खाली दवाखान्यासारखी फरशी."

नवऱ्यानं खाली बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला ती लादी त्या दिवशी पहिल्यांदा दिसली असावी.

संध्याकाळी तो मला म्हणाला, लादी काढू आणि पुन्हा सारवू. मी भांडले. म्हटलं, लादी माझी आहे, माझ्या शिवणाची आहे. तो म्हणाला, "तुझी म्हणजे? घर काय तुझं आणि माझं वेगळं हाय का?" असं म्हटलं की बाईनं काय बोलावं? मी गप्प झाले. आणि गप्प बसल्या बसल्या मला सुचलं, आणि मला मोठं शहाणपण सुचल्यासारखं वाटलं. हात दाखवून अवलक्षण.

मी म्हटलं, "आईंना विचारा. त्या काढ म्हणाल्या तर काढा. नको म्हणाल्या तर हा विषय पुन्हा नाही."

तो लगेच कबूल झाला. त्याला वाटत होतं, आई जन्माची लादीवर खार खाऊन आहे, ती काढच म्हणणार. मला माहीत होतं की लादी गेली तर तिचे पाय गेले. ती नको म्हणणार. आणि मी म्हटलं, चारचौघांत विचारा, पाहुणे असताना. कारण मला ते वाक्य ऐकायचं होतं, आणि आता एकटीला ऐकून माझं भागणार नव्हतं.

रविवारी सकाळी मॅडमनी मुंबईहून आणलेले पाहुणे चुलीभोवती बसले होते. मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते, वालाचं बिरडं उकळत होतं. सासू तिच्या पाटावर. मॅडमच्या हातात मोबाइल. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "आये, ही लादी काढून परत सारवायचं म्हणतोय. तुजं काय म्हननं हाय?"

सासूनं त्याच्याकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. मग माझ्याकडे. विचारायला कोणी लावलं ते तिला तेव्हाच कळलं. तिचा तळहात लादीवर टेकलेला होता, बोटं पसरलेली होती. मी भाकरी तव्यावर टाकली आणि मनात म्हटलं, बोल गं बये, एकदा बोल.

"काढ की," सासू म्हणाली. "मी कदी सांगितलं होतं लावायला? या क्वाटरवालीनं लावली. माज्या पायाला ती कदी लागलीच नाय."

पाहुणे हसले. एकानं टाळी वाजवली. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही ग्रेट आहात." नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की झालं ना आता?

मला एक वाक्य बोलता आलं असतं. पाटाखालची चादर ओढून दाखवली असती तरी पुरे होतं. मी बोलले नाही. पाय तिचा, मुलगा तिचा, जीभही तिचीच. तिला जे वाक्य बोलायला जड गेलं ते मी तिच्यासाठी का बोलू? मला इतका राग आला होता की भाकरी करपली तरी कळलं नाही. तो राग मला आजही रास्त वाटतो.

लादी काढायला गवंडी आला, माझ्या नवऱ्यानंही पहार घेतली. सासूला ओटीवर बसवलं होतं. आत घाव पडला की तिच्या पापण्या हलायच्या, बाकी चेहरा दगड. निम्म्या लाद्या फुटल्या, निम्म्या शाबूत निघाल्या. शाबूत लाद्या आंब्याखाली रचून ठेवल्या. मग माती आणली, भिजवली, चोपण्यानं चोपली आणि माझ्यासमोर शेणाची पाटी आली. इतक्या वर्षांनी हात विसरला असेल असं वाटलं होतं, पण नाही विसरला.

जमीन वाळल्यावर मी सासूला आणून चुलीजवळ बसवलं. सवयीनं मी चादरीची घडी घातली होती. तिनं दोन्ही तळहात टेकले आणि एकदा रेटा दिला. पाट जागचा हलला नाही. पाटाच्या पट्ट्या मातीत रुतल्या, आणि तळहाताला सारवण लागून आलं. ती हात उलटा करून बघत राहिली.

मी चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, "बसा आता जिवंत मातीवर. पाय धरून ठेवते म्हणे."

तिनं चहा घेतला.

मग आमचा हा पाहुण्यांचा धंदा खऱ्या अर्थानं चालू लागला. पाहुणे यायचे, सासूच्या पाया पडायचे, तिच्याशेजारी बसून फोटो काढायचे. ती सकाळी बसवली की संध्याकाळी उचलेपर्यंत तिथेच. मीठ हवं तर हाक, पाणी हवं तर हाक, मागे जायचं असेल तर हाक. पूर्वी कोंबड्यांपासून शेजारणींपर्यंत सगळ्यांवर तिची नजर असायची, आता तिला समोरची भिंत दिसायची. मी हाकेला जायचे, पण हातातलं काम टाकून कधी धावले नाही. ती पुन्हा हाक मारायची नाही. ओठ आवळून बसायची. एकदोनदा मला उशीर झाला आणि लुगडं ओलं झालं, तेव्हाही काही बोलली नाही. मी लुगडं बदललं. 

मॅडमनी आणखी एक टूम काढली. पाहुण्यांना सारवायला शिकवायचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. छान छान कपड्यांतल्या बायका नाकावर पदर धरून शेणात हात घालायच्या, किंचाळायच्या आणि मग त्यांना ते आवडायचं. एक जण मला म्हणाली, "मन किती शांत होतं हो यानं."

मी म्हटलं, "रोज करा. अगदीच शांत होईल."

नवरा खूश होता. जमीन हातात राहिली होती, चार माणसं त्याला मान देत होती. संध्याकाळी तो आईच्या पायाला तेल लावत बसायचा आणि मला म्हणायचा, बघ, आई किती आनंदात आहे, तिला तिचं जुनं घर मिळालं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच दिसत होतं. मला कधीकधी त्याची कीव यायची, पण जास्त वेळ टिकायची नाही.

पुढे पाहुण्यांच्या न्हाणीत एक जण घसरला. न्हाणी म्हणजे कुडाच्या भिंती आणि खाली चोपलेली माती, त्यावर रोज पाणी पडून नुसता चिखल. पाहुण्याचा पाय मुरगळला. मॅडम म्हणाल्या, "इथं मात्र काहीतरी पक्कं हवं. लोक पडून चालणार नाही." नवऱ्याला आंब्याखालच्या लाद्या आठवल्या. त्यानं न्हाणी वाढवली, कपडे बदलायला जागा केली, आणि माझी पांढरी, राखाडी ठिपक्यांची लादी तिथे लावली. मॅडम येईल त्या पाहुण्याला कौतुकानं दाखवायच्या, नवीन काही विकत आणलं नाही, जुनंच पुन्हा वापरलं. कितीतरी दिवसांनी मी मनापासून हसले.

सासूच्या कानावर ते गेलं. काही दिवस गेले. मग एका सोमवारी, पाहुणे निघून गेले होते आणि नवरा सामान आणायला कर्जतला गेला होता, तेव्हा ती म्हणाली, "मला न्हानीत ने."

"चला."

"आपल्या नाय. पावन्यांच्या."

"तिथं कशाला?"

"ने म्हटलं ना. पाट घे." मी तिला उठवलं तेव्हा खाली बघत म्हणाली, "चादर पन घे."

अंगण ओलांडताना तिनं माझ्या गळ्यात हात टाकला होता. दुसऱ्या हातात मी पाट धरला होता. न्हाणीत मी चादरीची घडी घालून तिला बसवलं. तिनं तळहात टेकले, डोळे मिटले आणि रेटा दिला. पाट सरकला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मग कडेकडेनं, मग उलट्या दिशेनं. कुडाला फट होती तिथे ती थांबली, फटीतून अंगणात बघितलं आणि कोंबड्यांना शिवी घातली. आवाज बसला होता, पण शिवी तीच होती. मी दारात उभी होते.

माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "गार हाय."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी थांबले होते ते हेच की काय, मला कळेना. मला ते पुरेसं वाटलं नाही. पण मी तिला तासभर तिथे फिरू दिलं.

तेव्हापासून दर सोमवारी आम्ही जायचो. पाहुणे गेलेले, नवरा बाजारात, आणि आम्ही दोघी न्हाणीत. एका सोमवारी नवरा लवकर परतला. आम्हाला टेंपोचा आवाज आला नाही, कारण सासू फटीपाशी बसून शेजारणीशी भांडत होती. तो हंडा शोधत न्हाणीच्या दाराशी आला. सासू नेमकी फटीपासून वळून लादीच्या मधोमध आली होती. एक पाय लांब, दोन्ही तळहात खाली, पाटाखाली चादर. पळून चुलीजवळ जायला जागा नव्हती.

त्यानं तिच्याकडे बघितलं, पाटाखालच्या चादरीकडे बघितलं. मग त्याचा चेहरा बदलला.

"आये," तो म्हणाला, "तू घरातपन अशीच फिरायचीस?"

सासूनं लुगडं ओढून लांब केलेला पाय झाकला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "आईंना विचारा."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला.  एवढा मोठा माणूस, पण आता रडेल असं वाटलं. "आये, मी लादी परत टाकतो. उद्याच गवंड्याला सांगतो. मॅडमला काय वाटायचं ते वाटू दे. तू फकस्त हो म्हन."

तिला एक अक्षर बोलायचं होतं. तिनं मुलाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या नजरेला नजर दिली. यावेळी मी मनातसुद्धा बोल म्हटलं नाही.

"मला कशाला रं लादी?" ती म्हणाली. "पावने घान करून जातात. ती पुसाया आले मी. हिला कुटं नीट पुसता येतंय."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण भराभर उतरला. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकलं की तो असाच दिसतो. "असं व्हय," तो म्हणाला. "मंग पुसत जा की सोमवारचं. तेवढंच हातपाय हलतील." त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं, हंडा उचलला आणि टेंपोतलं सामान उतरवायला गेला.

सासू तशीच बसली होती. तिच्या हातात फडकं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे न बघता हात पुढे केला. कोपऱ्यात बादली होती. मी त्यातलं फडकं काढलं, नीट पिळलं आणि तिच्या हातात दिलं.

आता दर सोमवारी मी तिला तिथे नेते. ती खरोखर पुसते, कारण मुलगा आता सोमवारी बाजारातून लवकर येतो आणि ओटीवरून बघत असतो. साबणाचे तुकडे गोळा करते, जाळीत अडकलेले पाहुण्यांचे केस बोटांनी ओढून काढते. मी दारात उभी असते. एखादा कोपरा राहिला की मी म्हणते, "आई, गाय पण यापेक्षा बरं पुसते." ती पाट वळवते आणि तो कोपरा पुन्हा पुसते.